बॅडमिंटनचं फुटवर्क: शून्यापासून सहा आठवडे

संध्याकाळी सहाचं कोर्ट, तासाभराचं बुकिंग, वर्गणी काढून आलेले सहा जण. दोन-चार टॉस (मागपर्यंत जाणारे उंच फटके) मारले की लगेच डबल्स सुरू. एकेकाळी ज्या खेळाला ‘पूना’ असंच नाव होतं, तो पुण्यातल्या कॉलेजांमधून आज बहुतेक असाच खेळला जातो. दोन-दोन वर्षं खेळूनही मागच्या बॅकहँड (रॅकेटच्या हाताच्या उलट बाजूच्या) कोपऱ्यात शटल गेलं की पॉइंट गेलाच. कारण ठरलेलं असतं: ‘स्टॅमिना कमी पडतो’. मग पहाटे उठून वेताळ टेकडी. टेकडीने दम वाढतो, याबद्दल वाद नाही. पण कोर्टवर लागणारं पाऊल टेकडीवर शिकायला मिळत नाही.

थोडा हिशेब करू. सिंगल्सचं कोर्ट १३.४० मीटर लांब आणि ५.१८ मीटर रुंद. आपल्या वाट्याला त्यातलं अर्धं, म्हणजे ६.७० मीटर लांबीचं. नेटपासून साधारण ३.४ मीटरवर मधोमध उभं राहिलं, तर चारही कोपरे सव्वाचार मीटरच्या आसपास पडतात. लांबवलेला हात आणि रॅकेट मिळून सव्वा ते दीड मीटरचा पल्ला मिळतो. उरले पावणेतीन-तीन मीटर, म्हणजे तीन पावलं. ती वेळेवर सुरू करायची, शेवटचं नीट रोवायचं आणि तिथून परत यायचं, एवढंच फुटवर्क असतं. पायांचा वेग ही त्यातली सगळ्यात शेवटी सुधारण्याची गोष्ट आहे.

खालचं सगळं वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलट्या धराव्यात.

आधी बूट आणि जागा

पळायचे बूट घालून फुटवर्क करू नका. त्यांची टाच जाड, मऊ आणि उंच असते. सरळ पळताना ती बरी, पण बाजूला पाय रोवला की बूट कलतो आणि घोटा मुरगळतो. गम सोलचे नॉन-मार्किंग इनडोअर बूट घ्या. अंगठ्यापुढे अर्धा सेंटिमीटर जागा ठेवा, नाहीतर लंज (शटल गाठायला टाकलेलं शेवटचं मोठं पाऊल) करताना नखं काळीनिळी होतात. कोर्टचे बूट रस्त्यावर घालायचे नाहीत, ते पिशवीतून न्यायचे. जून ते सप्टेंबर तर हा नियम कडक पाळा. सोलला लागलेली धूळ आणि ओल मॅटवर साबणासारखी घसरते. बॅगेत एक ओलसर फडकं ठेवा आणि सुरुवातीला सोल त्याने पुसून घ्या.

कोर्ट रोज मिळत नाही, आणि या सरावाला ते रोज लागतही नाही. हॉस्टेलची गच्ची, बंद वर्गाबाहेरचा कट्टा, सुट्टीच्या दिवशी रिकामं झालेलं पार्किंग, काहीही चालेल. मोजपट्टी नसली तर रॅकेट आहेच. ते साधारण साडेसदुसष्ट सेंटिमीटर लांब असतं. दहा रॅकेट लांबी आणि पावणेआठ रॅकेट रुंदी खडूने आखली की सिंगल्सचं अर्धं कोर्ट तयार. नेटच्या रेषेपासून तीन रॅकेटवर शॉर्ट सर्व्हिस लाइन येते, पाच रॅकेटवर तुमचा बेस, म्हणजे प्रत्येक फटक्यानंतर परत यायची जागा. बेसवर खडूने फुली मारा. सिमेंटवर उड्या मात्र मारायच्या नाहीत. तिथे फक्त पावलं, उड्या मॅटवर किंवा लाकडी फ्लोअरवर.

उभं राहणं

पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, उजवा अर्धं पाऊल पुढे. गुडघे सैल वाकलेले, वजन पंजांवर, टाचांखालून कागद सरकेल इतपत त्या हलक्या. रॅकेट पोटासमोर, डोकं वर. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे पॉइंट संपल्यावर माणूस ताठ होतो आणि पुढची सर्व्हिस येईपर्यंत तसाच राहतो.

स्प्लिट स्टेप

पहिले दोन आठवडे फक्त हेच घोटलंत तरी खेळात फरक पडेल.

स्प्लिट म्हणजे बेसवर मारलेली बारीकशी उडी. पाय जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर सुटले तरी पुष्कळ. समोरच्याचं रॅकेट पुढे यायला लागलं की तुम्ही सुटता, तो शटल मारतो तेव्हा तुम्ही उतरत असता आणि टेकता त्या क्षणी दिशा कळलेली असते. उतरताना मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू स्प्रिंगसारखे ताणले जातात, आणि त्याच ताणातून पहिला धक्का मिळतो. नुसतं उभं असलेल्या माणसाला आधी खाली बसावं लागतं, मग निघावं लागतं. तेवढ्यात शटल नेटवरून आलेलं असतं. दिशा कळली की विरुद्ध बाजूचा पाय ढकलतो: उजवीकडे जायचं तर डावा, डावीकडे जायचं तर उजवा.

शाळेत खो-खो खेळलेल्यांना हे लवकर जमतं. आक्रमक कुठल्या बाजूला वळतोय ते कळेपर्यंत पळणारा पंजांवर हलका तोलून उभा असतो, तसंच हे.

सराव असा: जोडीदार नेटपलीकडे रॅकेट घेऊन उभा राहतो, पण शटल न घेता. तो पूर्ण स्विंग करतो आणि स्विंगच्या शेवटी रॅकेटने एक दिशा दाखवतो. तुम्ही फक्त स्प्लिट आणि पहिलं पाऊल टाकायचं, तिथेच थांबायचं, फुलीवर परत यायचं. असे दहा, मग एक मिनिट विश्रांती, आणि असे तीन फेरे. टाळी वाजवून किंवा ‘हो!’ ओरडून सुरुवात करून देऊ नका. सामन्यात कोणी ओरडत नाही. डोळ्यांना समोरच्याचा खांदा आणि रॅकेट बघायची सवय लागली पाहिजे.

चुका इथे तीनच होतात. उडी फार उंच गेली तर शटल मारलं गेलं तरी तुम्ही हवेतच. फार लवकर मारली तर शटल मारलं जाईपर्यंत पाय पुन्हा जमिनीला चिकटलेले. आणि तिसरी टाचांवर उतरण्याची, ती कानाने ओळखता येते. बरोबर स्प्लिटचा आवाज जवळजवळ येत नाही, चुकीच्याचा ‘धप्’ शेजारच्या कोर्टवर ऐकू जातो.

पुढचे दोन कोपरे

पावलं दोन्हीकडे सारखीच: उजवा, डावा, उजवा. स्प्लिटनंतर उजव्याचं छोटं पाऊल कोपऱ्याच्या दिशेने. डावा त्याच्या मागे येऊन जवळजवळ टेकतो. मग उजव्याचं मोठं पाऊल, म्हणजे लंज. नवशिके पहिली दोन पावलं खातात आणि एकाच ढांगेत पोचायला बघतात. ती ढांग इतकी लांब होते की जांघ ओढली जाते आणि उठताच येत नाही.

लंजमध्ये आधी टाच टेकते, मग तळवा, मग बोटं. पंजा आधी टेकवला तर वेग अडवायला काही उरत नाही. सगळा भार घोट्यावर आणि गुडघ्यावर येतो, शरीर पुढे वाहत जातं आणि रॅकेट नेटला लागून पॉइंट जातो. पावलाचं टोक शटलच्या दिशेला असावं, आत वळलेलं नको. गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा. तो आत पडत असेल तर वेग कमी करा, त्या दिवशी तेवढंच. साधारण काटकोनापर्यंत वाकला की पुरे. मागचा डावा पाय आतल्या कडेवर थोडा घासत येतो, तो खिळ्यासारखा मागे अडकवून ठेवू नका. डावा हात मागे पसरलेला असेल तर तोल आपोआप राहतो.

परतताना वर उठायचं नाही, मागे ढकलायचं. उजवी टाच जमीन रेटते, उजवा पाय डाव्याजवळ येतो, तिथून दोन शफल (पाय न ओलांडता सरकत टाकलेली पावलं) आणि बेस. लंजमध्ये शटल मारून तिथेच थांबून आपला शॉट कसा पडला हे बघत राहणं, हा पुढच्या कोपऱ्यातला सगळ्यात महागडा छंद आहे.

जमिनीवर शटल ठेवून ती उचलायचा व्यायाम सगळीकडे चालतो. आमचं मत त्याच्या विरुद्ध आहे. पाचव्या शटलपर्यंत मांडी दमते आणि मग माणूस गुडघ्याऐवजी कंबर वाकवतो. तीच सवय सामन्यात येते. त्यापेक्षा पाण्याच्या एक-एक लिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या पुढच्या कोपऱ्यांत ठेवा आणि पिसं तुटलेलं शटल बाटलीच्या झाकणावर टोपीसारखं बसवा. लंज करून रॅकेटच्या टोकाने ते हलकेच पाडा. बाटली आडवी झाली तर तुम्ही वेळेत थांबला नाहीत. मोजमाप याहून सोपं नाही.

मागचे दोन कोपरे

मागे जायला सुरुवात कमरेपासून होते. नेटकडे छाती ठेवून उलट पळत जाणं ही पहिली मोडायची सवय. वजन टाचांवर जातं, शटल डोक्यामागे पडतं आणि टॉस निम्म्या कोर्टातच संपतो.

फोरहँड कोपरा: स्प्लिटमधून डावा पाय ढकलतो, उजवी कंबर उघडते आणि उजवा पाय मागे पडतो. शरीर आता बाजूच्या रेषेकडे तोंड करून. डावा शफल करत उजव्याला मिळतो, उजवा पुन्हा मागे जातो आणि शटलच्या मागे रोवला जातो. इथून मारताना पायांची कात्री होते: उजवा पुढे, डावा मागे. डावा टेकतो, रेटतो आणि तुम्ही बेसकडे चालू लागता. पहिले तीन आठवडे ही कात्री उडी न मारता, जागच्या जागी पाय बदलून करा.

बॅकहँड कोपऱ्यात डोक्यावरून फोरहँड मारायला जाणं जास्त अवघड. उजवा पाय ढकलतो, डाव्यावर शरीर वळतं, उजवा पाय डाव्याच्या मागून कोपऱ्याकडे जातो, मग एक शफल, आणि उजव्यावरून उडी. हवेत कंबर फिरते आणि डावा पाय मागे, एकटाच, टेकतो. नेमकं इथे सांभाळायचं असतं. गुडघा सरळ ताठ, तो आत पडलेला आणि धड डावीकडे झुकलेलं, अशा अवस्थेत एका पायावर उतरणं हे बॅडमिंटनमध्ये गुडघ्याचा पुढचा लिगामेंट फाटण्याचं ओळखीचं कारण आहे. म्हणून उडीच्या आधी उतरणं शिका. १५ ते २० सेंटिमीटरच्या पायरीवरून डाव्या पायावर उतरा, गुडघा मऊ वाकवा, दोन सेकंद न हलता थांबा. सहा वेळा, तीन फेरे, दोन्ही पायांनी. गुडघा डगमगत असेल तोवर या कोपऱ्यात उडी नाही. तोपर्यंत उशीर झाला तर सरळ बॅकहँड मारा, किंवा उंच उचलून द्या. त्यात कमीपणा नाही.

दोन्ही बाजू आणि परतीचा बेस

बाजूच्या स्मॅशला लांब जावं लागत नाही. फोरहँडला एक शफल आणि उजव्याचं पाऊल, बॅकहँडला डाव्याचं छोटं पाऊल किंवा उजव्याचं आडवं. गुडघे वाकलेले ठेवले की काम झालं.

बेस म्हणजे खिळा ठोकलेली जागा नाही. सरळ रेषेत ड्रॉप (नेटजवळ पडणारा हलका फटका) टाकलात तर समोरचा नेटवरच परत खेळण्याची शक्यता जास्त, म्हणून अर्धं पाऊल पुढे आणि त्याच बाजूला सरका. खोल टॉस दिलात तर थोडं मागे राहा. आणि फुलीपर्यंत पोचायला वेळ नसेल तर जिथे असाल तिथेच स्प्लिट करा. समोरचा मारत असताना धावत असण्यापेक्षा चुकीच्या जागी तयार असणं केव्हाही बरं.

सहा आठवड्यांचा आराखडा

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक-एक दिवस सुट्टी, एका वेळी ४०-४५ मिनिटं. हा सराव गेमच्या आधी, पाय ताजे असताना करायचा. दमलेल्या पायांनी केलेला फुटवर्कचा सराव चुकाच पक्क्या करतो. आठ-दहा मिनिटं वॉर्मअप: दोरीच्या उड्या ३० सेकंदांचे चार फेरे, घोटे-कंबर फिरवणं, चालत लंज दोन्ही पायांनी दहा-दहा. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पंधरा मिनिटं द्या, थंड पोटऱ्यांवर स्प्लिट मारू नका. आणि मिसळ खाऊन दोन तास झाल्याशिवाय कोर्टवर येऊ नका, तिचा लंजशी जुना वैरभाव आहे.

सुरुवातीच्या दिवशी एक मोजमाप घ्या. चार कोपरे ठरलेल्या क्रमाने, प्रत्येक वेळी बेसला पाय लावून, दोन फेऱ्या. मोबाइलवर वेळ टिपा आणि लिहून ठेवा. दुसऱ्या कोणाच्या वेळेशी तुलना करण्यात अर्थ नाही, उंची आणि पावलाची लांबी वेगळी असते.

पहिला-दुसरा आठवडा: शटल नाही, घड्याळ नाही. वरचा स्प्लिटचा सराव, मग सहा ठिकाणं (चार कोपरे आणि दोन बाजू) प्रत्येकी पाच वेळा, सावकाश, दोन फेरे. म्हणजे साठ फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत शॉटची पूर्ण शॅडो, म्हणजे शटलशिवाय नक्कल, करा, हात लोंबकळत ठेवून केलेली शॅडो म्हणजे नुसती कवायत.

तिसरा-चौथा आठवडा: जोडीदार आधी स्विंग करतो, मग दिशा दाखवतो. क्रम ठरवायचा नाही. १५ सेकंद काम, ४० सेकंद विश्रांती, असे आठ. तीन मिनिटं बसा, पुन्हा आठ. जोडीदार नसेल तर रूममेटकडून १ ते ६ आकडे, दोन-तीन सेकंदांच्या कमी-जास्त अंतराने, व्हॉइस नोटमध्ये म्हणवून घ्या. डोळ्यांचं काम त्यात होत नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

‘फक्त १५ सेकंद?’ हा प्रश्न येतोच. दोन-दोन मिनिटं सलग शॅडो करवून घेण्याची पद्धत आपल्याकडे फार आवडती. पण विद्यार्थी पातळीवरच्या बहुतेक रॅली दहा-पंधरा सेकंदांच्या आत संपतात, आणि मधे श्वास घ्यायला वेळ मिळतो. दुसऱ्या मिनिटाला माणूस स्प्लिट सोडून देतो, टाचांवर येतो आणि नुसता कोपऱ्यांना शिवत फिरतो. घाम भरपूर निघतो म्हणून सराव झाल्यासारखा वाटतो, इतकंच.

पाचवा आठवडा: मल्टी-शटल. दहा जुनी शटल, पुढची हाताने टाकायची, मागची रॅकेटने. दोन शटलमध्ये साधारण दोन सेकंद, दहा शटलचे सहा फेरे, मध्ये एक मिनिट. इथे चूक फीड करणाऱ्याची असते. तो उत्साहात शटलांचा पाऊस पाडतो आणि खेळणारा बेसला न येता कोपऱ्यातून कोपऱ्यात पळतो. नियम सोपा ठेवा: खेळणाऱ्याचा स्प्लिट दिसल्याशिवाय पुढचं शटल सुटणार नाही. फेरा संपला की पडलेली शटल आधी गोळा करा. शटलवर पाय पडून मुरगळलेले घोटे काही कमी नाहीत.

सहावा आठवडा: ११ पॉइंटचे सिंगल्स, स्मॅशला बंदी. स्मॅश नसला की रॅली लांबते आणि चारही कोपरे लागतात. शेवटच्या दिवशी पहिल्या दिवशीचं मोजमाप पुन्हा घ्या. वेळ अर्ध्या सेकंदानेच कमी झाली असेल तरी निराश होऊ नका. त्या चाचणीत स्प्लिटचं टायमिंग मोजलंच जात नाही.

शिडी, पायऱ्या आणि ताकद

जमिनीवर अंथरायची दोरीची शिडी पायांना चपळ करते, पण तिथे पुढचं पाऊल कुठे पडणार हे आधीच ठाऊक असतं. वॉर्मअपमध्ये पाच मिनिटं ठीक, त्यावर अर्धा तास घालवणं म्हणजे कोशिंबिरीवर पोट भरणं. पर्वतीच्या पायऱ्या चढून मांड्या भरतात, उतरताना मात्र पळू नका.

ताकदीसाठी जिम असलीच पाहिजे असं नाही. आठवड्यातून दोन दिवस, मागचा पाय पायरीवर ठेवून एका पायाच्या उठाबशा ८-८ चे तीन फेरे, एका पायावर टाचा उचलणं १२-१२ चे तीन, बाजूचे लंज ८-८ चे दोन, प्लँक ३० सेकंदांचे तीन. टाच खाली आणताना तीन सेकंद घ्या. बॅडमिंटनमध्ये पोटरी आणि टाचेमागची शीर ब्रेक मारताना जास्त दमते.

मोबाइल काय दाखवतो

फोन कोर्टच्या मागे, कंबरेच्या उंचीवर, स्लो मोशनला लावा. दहा रॅली पुरतात. तीनच गोष्टी बघा. समोरचा शटल मारतो त्या फ्रेममध्ये तुमचे पाय कुठे आहेत? लंजमध्ये आधी टाच आहे की पंजा? आणि मारल्यानंतर परतीचं पहिलं पाऊल किती फ्रेमनंतर पडतं? एका आठवड्यात यातली एकच चूक धरा. बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात मोठी स्पर्धा असेल तेव्हा जाऊन एक अख्खा गेम शटलकडे न बघता एकाच खेळाडूच्या पायांकडे बघा. पहिले पाच पॉइंट मान आपोआप शटलमागे जाते, मग डोळा बसतो.

दुखलं तर

दुसऱ्या दिवशी मांड्या-पोटऱ्या भरून आल्या तर चालेल. गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेच्या मागे बोट ठेवून दाखवता येईल असं टोचणारं दुखणं असेल तर उड्या आणि लंज बंद, आणि आठवड्यात कमी झालं नाही तर फिजिओकडे. गुडघ्यात ‘कट्’ आवाज होऊन सूज आली, किंवा पाय टेकवेना, तर त्याच दिवशी डॉक्टर.

आंतरमहाविद्यालयीन सामन्याच्या आधीचे दोन दिवस नवीन काही करायचं नाही. वॉर्मअप, दहा सेकंदांच्या सहा शॅडो पूर्ण वेगाने, मध्ये एक-एक मिनिट विश्रांती, आणि घरी. सामन्याच्या सकाळी नवीन बूट तर अजिबात नकोत. ते आधी चार-पाच सेशन पायात घालून मऊ केलेले असावेत, आणि मोजे जाड.